ती भीती नव्हती

पस्तिशी ओलांडल्यावर मला अधूनमधून कसलेतरी झटके यायला लागले. वाकून पलंगाखालची पेटी ओढली की छाती धडधडायची, डोकं ठणकायचं, घाम फुटायचा. थोड्या वेळानं सगळं शांत. एकदा पंडरीच्या कापडबाजारात साड्या पाहता पाहता दुकानातच खाली बसले. चेहरा पांढराफटक पडला होता. घरात सगळे मला घाबरट म्हणायचे आणि मलाही ते खरं वाटू लागलं होतं. आमचे हे रेल्वेच्या ऑफिसात नोकरीला. घरी आले की मायेनंच विचारायचे, "तू काहून इतकं टेन्शन घेऊन राहिली?"

ब्लडप्रेशरच्या गोळ्या चालू होत्या, पण प्रेशर कधी खूप चढलेलं, कधी अगदी नॉर्मल. शेवटी एका नव्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, हे वाकल्यावर होतं का? मी हो म्हटल्यावर त्यांनी दिवसभराची लघवी तपासायला लावली, मग पोटाचा सीटी स्कॅन. मूत्रपिंडावर एक छोटी ग्रंथी असते, तिच्यात लिंबाएवढी गाठ निघाली. माणूस घाबरला की अंगात जे हार्मोन सुटतं, तेच ती गाठ विनाकारण रक्तात सोडत होती. ऐकून मला रडू आलं, पण सुटल्यासारखं. मी घाबरट नव्हते.

आधी औषधानं प्रेशर ताब्यात आणलं, मग दुर्बिणीनं गाठ काढली. हळूहळू प्रेशरच्या गोळ्याही सुटल्या.

अशी गाठ कधीकधी जनुकातल्या बदलामुळे होते, म्हणून डॉक्टरीणबाईंनी माझं रक्त तपासलं. बदल सापडला. मग कॉलेजात शिकणाऱ्या आमच्या मुलीचंही तपासलं. तिच्यातही तोच.

त्या दिवशी रिपोर्ट घेऊन मी तिच्यासमोर बसले. मी मराठीत बोलते, ती हिंदीत उत्तर देते, हे आमचं नेहमीचंच.

"माझ्याकडूनच आलं तुले," मी म्हटलं.

"तो क्या हुआ, मम्मी? आपको तो किसी ने बताया ही नहीं था. मुझे पहले से पता है."

तिला आज गाठ नाही, प्रेशरही नॉर्मल आहे. पुढे गाठ होईलच असंही नाही, फक्त दरवर्षी तपासत राहायचं. आम्ही दोघी बरोबरच जातो. उपाशीपोटी रक्त दिलं की समोरच्या ठेल्यावर गरम चीला, म्हणजे तांदळाचं धिरडं, आणि टमाट्याची चटणी खातो. यंदा पोट्टीनं माझ्या प्लेटमधलाही उचलला.