गुलाबी पाण्याची बाटली

बाळांनो, तिचं नाव विचारायचं राहूनच गेलं. कारेगावात कारखान्याच्या रंगीत सांडपाण्यानं माझ्या मैत्रिणीच्या विहिरीचं पाणी गुलाबी झालं होतं, म्हणून ही संशोधक मुलगी आली होती. तिच्याकडे मातीवर लोखंडाचे अतिसूक्ष्म कण बसवलेली काळी पूड होती. प्रयोगशाळेत ती पूड रंग शोषून घेई, पण विहिरीच्या पाण्यावरचा तिचा प्रयोग वर्षभर फसत होता.

विहिरीच्या पाण्याच्या बाटलीत पूड टाकून ती अर्धा तास हलवायची होती. पाच मिनिटांतच मुलीचे हात भरून आले.

"आन हिकडं," मैत्रीण म्हणाली. "ताक घुसळून घट्ट झालेलं हात हायत हे."

मग बाटली ओट्यावर जमलेल्या सगळ्या बायकांच्या हातांतून फिरली. "लोणी आलं का गं?" म्हणत सगळ्या खिदळत होत्या.

शेवटी मुलीनं बाटलीखाली लोहचुंबक धरला. पूड तळाशी बसली आणि वर नितळ पाणी दिसलं. ती किंचाळत अंगणभर नाचली. मैत्रिणीचे सासरे पेला घेऊन पुढे आले, तशी तिनं बाटली छातीशी धरली.

"आबा, पिऊ नका! नुसता रंग गेलाय. बाकी काय उरलंय ते तपासायचंय."

"मंग नाचतीस कशापायी?"

"आबा, वर्षभरात पहिल्यांदा गेलाय!"

आबांनी पेला खाली ठेवला, टोपी सरळ केली आणि हात वर करून तेही नाचू लागले.