बुधवारचा तास

माणूस कामावर घेताना त्याची संध्याकाळ कुणाची आहे, हे तुम्ही कधी विचारलंत?

मला शाहूपुरीतल्या सॉफ्टवेअर कंपनीत वेगळंच विचारलं होतं. "संध्याकाळी घरचे थांबू देतील ना?" आमची अर्धी टीम अमेरिकेत. त्यांची सकाळ ती आमची संध्याकाळ. दोन्हीकडची माणसं एकदम भेटणार ती तेवढ्याच वेळात. वडिलांना, म्हणजे आप्पांना, सांगितलं तर ते उसळले, "थांबू देतील म्हंजे? पोरगी दाव्याला बांधलीया व्हय?"

आप्पा आमच्या गावात, गडमुडशिंगीत, पत्रकं लिहायचे. दारूविरुद्ध, शिष्यवृत्तीसाठी, पाण्यासाठी. बुधवारी रात्री आठला बुद्धविहारात वंदना झाली की नवं पत्रक मोठ्यानं वाचायचं, आणि जिथं वाक्य अडेल तिथं बायकांनी ते मोडून नीट करायचं. मगच छपाई. आप्पांची नजर अधू झाल्यापासून वाचणारी मी.

उन्हाळ्यात कंपनीची बैठक साडेसहाला असायची. ती उरकून बसनं मी विहारात पोचायची. हिवाळ्यात अमेरिकेनं घड्याळं तासभर मागं घेतली, बैठक साडेसातला गेली आणि माझा बुधवार बुडाला. घड्याळ फिरवताना त्यांनी आम्हाला विचारलं नव्हतं.

दुसऱ्या कुणी वाचलेलं आप्पांना चालेना. "तिकडचं घड्याळ फिरू दे, मग वाचू."

"आप्पा, तुमचा लढा बी अमेरिकेच्या टायमावर चाललाय की!" शेजारची काकी म्हणाली. सगळे हसले. आप्पा नाही.

मी कंपनीतल्या साहेबांना म्हटलं, "बुधवारी त्यांनाच तासभर आधी बोलवूया."

"तिकडच्या माणसांना झोपेतनं उठवतात व्हय? तुला घेतलीय ती ह्या वेळेसाठीच."

त्याच हिवाळ्यात आप्पा गेले. पत्रक वाचायचंच राहिलं.

कामावर परतल्यावर अमेरिकेतल्या सहकारी बाईंनी फोनवर विचारपूस केली. मी बुधवारचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मी तर पहाटेच उठते. मला कुणी विचारलंच नाही."

पुढच्या बुधवारी बैठक साडेसहाला झाली. आठला मी विहारात उभी राहून आप्पांचं पत्रक वाचलं. एक वाक्य अडलं. मी थांबले. बायका खाली बघत बसल्या. कुणीच ते मोडलं नाही. तसंच छापलं. अजून वाटतं, आप्पा कोपऱ्यातनं ओरडतील, "अगं, दुरुस्त करा की!"

बैठकीच्या वेळा ठरवणाऱ्यांनो, आज पलीकडे फोन लावा. आठवड्यातून एकदा तासभर आधी याल का, एवढंच विचारा. नाही म्हणाले तर भांडू. पण आधी विचारा.