सिरिल ऑर्मरॉड पोटभर जेवला तो गुरुवार

मँचेस्टरजवळच्या रॉचडेलमध्ये आजही लोक छातीठोकपणे सांगतात, की टीव्हीवर मरता मरता सिरिल ऑर्मरॉडला खरोखरच हृदयविकाराचा झटका आला आणि मालिकावाल्यांनी घाबरून त्याला जिवंत ठेवलं. न्हाव्याच्या दुकानात तर एकाने त्याचे निळे पडलेले ओठही पाहिलेत म्हणे. सगळं खोटं. सिरिलला झटकाबिटका काही आला नव्हता. तो जेवला होता.

आता सिरिल जेवला यात एवढं काय, हे कळायला आधी सिरिल कळायला हवा.

शाळा संपल्यावर तो गॅसच्या कचेरीत तक्रारी ऐकायला बसला. लोक येऊन तोंडाला येईल ते बोलायचे आणि सिरिल चेहऱ्यावरची रेषही न हलवता ऐकून घ्यायचा. तोच चेहरा संध्याकाळी चर्चच्या हॉलमधल्या नाटकात उपयोगी पडला आणि तिथून टीव्हीवर गेला. पहिली भूमिका प्रेताची. दुसरी पोलिसाची, तीत "साहेब" एवढा एकच शब्द. पुढे बारा वर्षं नुसते पोलीस. त्याची बायको बेरिल म्हणायची, "हा दारात उभा राहिला ना, की मला पहिलं वाटतं, कोण गेलं आता?"

मग मँचेस्टरच्या स्टुडिओत 'कॅनल रो' ही मालिका सुरू झाली आणि सिरिल तिच्यातला वॉल्टर हॅलीवेल झाला. खिळे-मोळे विकणारा. सव्वीस वर्षं तो त्या गल्ल्यामागे उभा राहून गिऱ्हाइकांना एकच सांगत आला, "ते आमच्याकडे नाही. आणि तुम्हालाही त्याची गरज नाही." बसमध्ये, बाजारात, एकदा तर दाताच्या डॉक्टरनेही त्याला हेच वाक्य म्हणायला लावलं. तोंडात कापूस असताना.

स्टुडिओत मात्र त्याची कीर्ती वेगळ्याच गोष्टीसाठी होती. न जेवण्यासाठी. जेवणाचा प्रसंग पुन्हा पुन्हा चित्रित करतात, तेव्हा पहिल्या खेपेला जेवढं खाल, तेवढंच पुढच्या प्रत्येक खेपेला खावं लागतं, नाहीतर तुकडे जोडताना सॉसेज मध्येच लांडं होतं. नवे नट हौसेने आडवा हात मारायचे आणि अकराव्या सॉसेजला डोळे पांढरे करायचे. सिरिल काट्याने वाटाणे इकडून तिकडे सरकवायचा, घास ओठापर्यंत न्यायचा आणि नेमका तेव्हाच बोलायला लागायचा. खाण्याचं सामान सांभाळणारी डोरीन शपथेवर सांगायची, "सव्वीस वर्षांत या माणसाने चार वाटाणे खाल्लेत. त्यातला एक चुकून."

आणि मग फिलिपा स्टॅनार्ड आली. नवी निर्माती, वय एकतीस. तिने सिरिलला चहाला बोलावलं.

"सिरिल, आम्हाला वाटतं, वॉल्टरचा प्रवास आता पूर्ण झालाय."

"टॅक्सी की पेटी?" सिरिलने विचारलं.

मालिकेतून जायचे रस्ते दोनच. टॅक्सीत बसून गेलेला माणूस कधीही परत येऊ शकतो. शवपेटीतून गेलेला येत नाही.

"पेटी," फिलिपा म्हणाली. "पण फार सुंदर पेटी."

सिरिल अडुसष्ट वर्षांचा होता. वॉल्टर गेला की त्याला पुन्हा प्रेतच व्हायचं होतं, आणि प्रेतंही हल्ली तरुण लागतात. घरी येऊन त्याने बेरिलला सांगितलं.

"म्हणजे तू आता दिवसभर घरात?" बेरिल म्हणाली.

"हो."

"सगळे दिवस?"

"हो."

"मग त्या बाईला मीच भेटून येते."

"नको. मी बघतो," सिरिल म्हणाला.

मरण गुरुवारी दुपारी ठरलं. वॉल्टर मटण-बटाट्याची पाई खायला बसणार, बायको आयव्ही भाच्याचं लग्न मोडल्याचं सांगणार, वॉल्टर "मला वाटलंच होतं" म्हणून टेबलावर कोसळणार आणि आयव्ही नाडी बघून "गेला!" म्हणणार. सहा वाजता स्टुडिओ दुसऱ्या कार्यक्रमाला द्यायचा होता. डोरीनने चार पाई आणल्या होत्या. सिरिलसाठी एकच पुरे होती, तीन उगाच.

पहिल्या खेपेला सिरिलने काटा उचलला आणि पाई खाल्ली. सगळी. कडेचा करपलेला पापुद्राही. आयव्हीचं काम करणारी बाई भाच्याचं लग्न विसरून बघतच राहिली.

"आयव्ही, बोला ना!" वरून दिग्दर्शक ओरडला.

"अहो, तो खातोय!"

दुसऱ्या खेपेला ती "गेला"च्या जागी "संपली" म्हणाली. तिसऱ्या खेपेला सिरिलचं शेवटचं वाक्य बटाट्यात बुडालं. डोरीन डोक्याला हात लावून बसली. "सिरिल, मेल्या, आता एकच उरलीय!"

"मग ती आण," सिरिल म्हणाला.

चौथी पाई त्याने शांतपणे संपवली, "मला वाटलंच होतं" असं स्वच्छ म्हटलं आणि असा कोसळला की टेबल हललं. आयव्ही नाडी बघायला वाकली, तेवढ्यात वॉल्टरच्या प्रेताने दणदणीत ढेकर दिली. पुन्हा घ्यायला पाई नव्हती, आणि बाहेरून आणेपर्यंत सहा वाजले. सिरिलला उठता येईना म्हणून प्रथमोपचारवाला आला, पोट दाबून बघितलं आणि म्हणाला, "गॅस." त्या दोघांना बाहेर जाताना कुणीतरी पाहिलं आणि गावात झटका आला.

फिलिपाकडे कोसळणारा वॉल्टर होता, मेलेला नव्हता. भाग सोमवारी दाखवायचा होता. लेखकांनी घाईघाईने रुग्णवाहिका बोलावली आणि वॉल्टरला इस्पितळात बेशुद्ध ठेवलं. लगेच स्टुडिओत 'लवकर बरे व्हा'ची कार्डं यायला लागली, वॉल्टरच्या नावाने. पहिल्या आठवड्यात दोन पोती. शिवाय द्राक्षं.

"हे तुम्ही मुद्दाम केलंत?" फिलिपाने विचारलं.

"भूक लागली होती," सिरिल म्हणाला.

यापुढचा निकाल नाताळच्या भागात लागणार होता, आणि तो काय असेल ते सिरिलने बेरिललाही सांगितलं नाही. नाताळात कॅनल रोमध्ये कुणीतरी मरतंच, हे पाळण्यातलं पोरही सांगेल. मी त्यांच्या शेजारी राहते. कुंपणावरून मी त्याला म्हटलं, "आजोबा, पेटी."

"टॅक्सी," तो म्हणाला. "लावतेस पैज?"

त्याला सगळं माहीत असणार हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. पण त्याच्या चेहऱ्यावर गॅसच्या कचेरीखेरीज काही दिसेना. मी लावली. मी त्याची हुबेहूब नक्कल करते; हरले तर ती महिनाभर बंद. शाळेत नाही, फोनवर नाही, बेरिलने गळ घातली तरी नाही.

काल संध्याकाळी सात वाजून बावन्न मिनिटांनी वॉल्टर हॅलीवेल एक सुटकेस घेऊन टॅक्सीत बसला. ड्रायव्हरने विचारलं, "कुठं?" तो म्हणाला, "बघू." आणि भिंतीपलीकडून बेरिल ओरडली, "काय गं पोरी, ऐकलंस का?"

ऐकलं. महिना पंचवीस जानेवारीला संपतो. आज सव्वीस डिसेंबर.