चिंचोक्याहून गडद

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. वडिलांना नाही. ज्यांच्याबरोबर बारामतीच्या चौकात उभी राहून पत्रकं वाटते, त्या मैत्रिणींना नाही. आणि जिला सांगायला हवं होतं, त्या नंदाआत्याला तर नाहीच. तुला का सांगते आहे? तुझा चेहरा मला दिसत नाही, म्हणून असेल.

गोष्ट कोंबड्यांची आहे. हस, हरकत नाही. मीही आधी हसलेच होते.

आमच्या घरात पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त होती. वडील ती लिहायचे, छापून आणायचे, आणि उरलेल्या गठ्ठ्यांवर बसून मी अभ्यास करायचे. अक्षरओळखच मुळी ‘विचार करा’, ‘प्रश्न विचारा’ अशा जाड मथळ्यांवरून झाली. त्यामुळे खरं बोलणं हे मला कधी अवघड वाटलंच नाही — निदान मोठ्या गोष्टींबद्दल, मोठ्या आवाजात.

नंदाआत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. इंदापूर तालुक्यात, शेळगावला राहते. तिचं लग्न दुसऱ्यांनी ठरवलं, शेतात काय लावायचं तेही दुसऱ्यांनी ठरवलं. मामा, म्हणजे तिचा नवरा, गेल्यावर घरात ती एकटी उरली, आणि तेव्हा कुणा ओळखीच्या हौशी माणसानं तिला उबवायला अंडी आणून दिली. फ्रान्सकडची जात, मारान्स. काळी कोंबडी, मानेवर तांब्याची झाक, पायांवर बोटांपर्यंत उतरलेली पिसं. आणि अंडं असं गडद तपकिरी, की हातात घेतल्यावर वाटावं, हे कोंबडीनं घातलेलं नाही, कुणीतरी पॉलिश करून ठेवलं आहे.

पण हा रंग टिकवावा लागतो. दर पिढीत निवड करावी लागते, नाहीतर तो उतरत जातो. आत्यानं त्यासाठी एक चिंचोका घेतला. चांगला टपोरा, चकचकीत. तो खिडकीत ठेवलेला असायचा. रोजचं अंडं वाळलं की — ओलं असताना ती हातच लावायची नाही, रंग बोटाला येतो म्हणून — ते चिंचोक्याशेजारी धरायचं. चिंचोक्याहून गडद असलं तर उबवायला. फिकं असलं तर कालवणात. एवढाच नियम. कोण राहील, कोण जाईल, हे आयुष्यात पहिल्यांदा ती ठरवत होती. अंडं उजेडात धरताना तिचा चेहरा कसा व्हायचा, ते मला अजून दिसतं. झोपेत कुणीतरी हाक मारावी आणि ती ओळखीची निघावी, तसा.

कोंबड्याला ती ‘पाहुणा’ म्हणायची. परदेशातला म्हणून. शेजारच्या तात्यांना त्याची फार गंमत वाटे.

“नंदाबाई, पाव्हण्याला बूट घालून झोपवता का वो?” ते कुंपणावरून विचारायचे.

“तुमचा अनवाणी फिरतुय की,” आत्या म्हणायची. “म्हून तर आमच्या हितं बूट बघाय येतोय.”

तात्यांचा गावरान कोंबडा खरंच यायचा. तांबडा-काळा, उंच मानेचा, देखणा. जाळीच्या बाहेरून फेऱ्या मारायचा. म्हणूनच जाळीच्या दाराला कडी होती, आणि ती लावायचीच, हे मला आत्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

आता मी तिथं येते. बघ, किती वळसे घेतले.

उन्हाळ्याची सुट्टी होती. आत्या इंदापूरच्या बाजाराला गेली होती. कडक उन्हाच्या वेळी पाहुण्याला ती वेगळं, बांबूच्या डालग्याखाली सावलीत ठेवायची. तसा तो होता. मी कोंबड्यांना पाणी ठेवलं, बाहेर आले, दार नुसतं लोटलं आणि लिंबाखाली बाजेवर आडवी झाले. मी एक पत्रक लिहीत होते. रक्ताची शुद्धता ही थाप आहे, असं. माणसांना जातीत वाटून, पोरींना दारं लावून कोंडून ठेवणाऱ्यांविरुद्ध. चांगलं उतरत होतं. उसावरून गरम वारा येत होता, पाटाच्या पाण्याचा आवाज कुठून तरी लांबून, पानांची सावली कागदावर हलत होती. मी जागी होते की नव्हते? जागी होते. तेच तर सांगायचं आहे.

तात्यांचा कोंबडा आला. त्यानं दाराला मान लावली, दार हललं, तो आत गेला. मी पाहिलं. उठले नाही. मातीत अंग घुसळणाऱ्या कोंबड्या, त्यांच्यामधून पाय उचलत चाललेला तो, अंगावर चकाकणारं ऊन — सगळं पाण्याखाली चालल्यासारखं संथ होतं. मला ते सुंदर वाटलं. आणि — हेही सांगते — मला ते माझ्या पत्रकासारखं वाटलं. उघडं दार, कुणाचा अडथळा नाही. मी त्याच्याकडे बघत पुढचं वाक्य लिहिलं. ते वाक्य झाल्यावर मग उठले, त्याला हुसकावलं, कडी लावली.

मला माहीत होतं ना? होतं. आत्यानंच सांगितलं होतं, की दुसरा नर एकदा जरी शिरला, तरी तीन आठवड्यांची अंडी उबवायची नसतात. खाऊन टाकायची, आणि मग परत सुरुवात. एवढंच. तीन आठवडे कालवण.

संध्याकाळी आत्या आली. पिशवी खाली ठेवली, पाणी प्याली, जाळीकडे बघितलं.

“दार लावलं व्हतं न्हवं गं?”

“हो,” मी म्हणाले.

कशाची भीती होती? ती रागावली नसती. फार तर ‘काय गं पोरी’ म्हणाली असती. पण ती सगळ्यांना सांगायची, आमची पोर खोटं बोलत न्हाय. त्या दिवशी मला ते वाक्य मोडायचं नव्हतं. म्हणून मी ते आतून मोडलं, बाहेरून तसंच ठेवलं.

अंड्याचा रंग आईकडून येतो, तो गडदच होता; खुडूक कोंबडीखाली अंडी गेली. पिल्लं निघाली — काळी, पोटाला पिवळसर, अगदी हवी तशी. आत्यानं एकेकाच्या पायावरून बोट फिरवलं. “पिसं इरळ हायत गं,” ती म्हणाली. मी म्हणाले, “वाढतील.” दुसरं खोटं पहिल्यापेक्षा सोपं असतं, हे मला पत्रकांनी शिकवलं नव्हतं.

पिल्लांच्या तलंगा, अंड्यावर येऊ घातलेल्या तरण्या कोंबड्या, झाल्यावर त्यातल्या दोन आत्या स्वतः एसटीनं मोरगावला घेऊन गेली, तिच्या मैत्रिणीला, शोभाकाकूला द्यायला. वाटेत मांडीवर पाटी. तिनं निवडून तयार केलेलं काहीतरी पहिल्यांदाच दुसऱ्याच्या घरी चाललं होतं. मी तिला स्टँडवर सोडायला गेले होते. तिनं नवं लुगडं नेसलं होतं.

ऊस वाढला, त्याला तुरे आले. तलंगांनी अंडी घालायला सुरुवात केली. पहिलं अंडं फिकं आलं, दूध जास्त झालेल्या चहासारखं. दुसरीचंही तसंच. खरं तर पहिली अंडीच सगळ्यांत गडद असायला हवीत. आत्यानं ते चिंचोक्याशेजारी धरलं. उजेडात नेलं, सावलीत आणलं. चिंचोका पदरानं पुसला. मोरगावहून शोभाकाकूचा फोन आला, त्यात हसू होतं: “नंदे, चाकलेट म्हनून दिलंस आन् ही तर नुसती गोळी निघाली की गं.” आत्याही हसली. फोन ठेवला.

मग तिनं विचार केला. माझ्यासमोर, बोलून. आयांची अंडी मी डोळ्यांनी बघितल्यात, ती गडद. कोंबडा अंडं घालत न्हाय, त्याचं लेकींवरनंच कळतं. मग खोट त्याच्यात. आणि त्याला निवडला मी. म्हंजे नजर माझीच चुकली.

तिच्या बोलण्यात कुठं चूक नव्हती. फक्त एक गोष्ट तिच्याकडे नव्हती. ती माझ्याकडे होती, आणि मी समोर बसून शेंगा सोलत होते.

रविवारी तिनं मला जेवायला बोलावलं. पाहुण्याला तात्यांनी कापलं. तिच्यानं झालं नाही, म्हणून ती आत कांदा परतत राहिली. मी पोचले, तेव्हा धुण्याच्या दगडापाशी त्याचे पाय पडले होते — दाट पिसांचे, बोटांपर्यंत उतरलेल्या पिसांचे, निर्दोष. आत्यानं मला रस्सा वाढला. तंगडीचा तुकडा माझ्याच ताटात घातला, लांबून आलीस म्हणून. मी खाल्ला. तिनं परत विचारलं, तेव्हा परतही घेतला.

ते पत्रक छापून आलं. लोकांनी पाठ थोपटली. आत्यानं कुणाकडून तरी वाचून घेतलं आणि म्हणाली, “ब्येस लिवलंस.” माणसांबद्दल त्यातला शब्दन् शब्द खरा आहे, आजही मी तो तसाच लिहीन. पण रात्री झोप येईना की मी त्याच पत्रकाची चादर करायचे — जात म्हणजे काय, शुद्ध म्हणजे काय, एका दारानं काय बिघडलं. चादर छान होती. तिच्याखाली कोण झोपलं होतं, ते मला माहीत होतं.

त्यानंतर आत्यानं निवड बंद केली. जाळीचं दार तिनं स्वतः काढून ठेवलं. आता तिच्या अंगणात सगळ्या एकत्र फिरतात, तात्यांचा कोंबडाही. अंडी येतात, ती कालवणात जातात. मारान्सची एकच म्हातारी कोंबडी उरली आहे. ती अधूनमधून घालते. अजून गडद.

मागच्या महिन्यात गेले होते. आत्यानं तिचं अंडं माझ्या हातात दिलं. “हे गडद हाय का गं? मला मेलीला आता काय कळंना झालंय.” तिचे डोळे चांगले आहेत. सुईत दोरा ती अजून स्वतः ओवते.

मी म्हणाले, “गडद आहे.”

“मग ह्यो तुझ्यापाशीच राहू दे,” ती म्हणाली, आणि खिडकीतला चिंचोका काढून तिनं माझ्या तळहातावर ठेवला. “तुझी नजर खरी हाय.”

मी मूठ मिटली आणि बारामतीची गाडी पकडली.