चालताना बोलायचं नाही

पार्किन्सन झालेल्या माणसाने चालताना फक्त चालावं, असं सांगलीच्या फिजिओथेरपीवाल्या मॅडमनी मला पहिल्याच दिवशी बजावलं. कुणी हाक मारली तर आधी थांबायचं, मग बोलायचं, बोलणं संपलं की पुन्हा पहिलं पाऊल. दोन्ही एकदम करायला गेलं की पाय विसरतात.

"मग मी घरी पोचणार कधी?" मी विचारलं. मॅडम हसल्या. आमच्या मंडळी हसल्या नाहीत. त्यांना माझं तोंड चाळीस वर्षं माहीत होतं.

साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर जन्म गेला माझा. उसाची गाडी काट्यावर चढेपर्यंत एक किस्सा, उतरेपर्यंत दुसरा. गाडीवान रांगेतला नंबर सोडून ऐकत बसायचे, असं मी सांगतो. कंटाळून बसायचे, असं मंडळी सांगतात.

निवृत्तीनंतर हे दुखणं आलं. हात थरथरायचा त्याचं एवढं नाही. उंबऱ्याशी आलो की पाय चिखलात रुतल्यासारखे जागीच, आणि धड मात्र पुढे निघालेलं. दोनदा तोंडावर आपटलो. मॅडमनी व्यायाम दिले. खुर्चीवरून हात न टेकता उठायचं, आकडे मोजत लांब ढांग टाकायची, वळताना जागेवर गिरकी न घेता बैलगाडीसारखं लांबून वळायचं. पहिला महिना मी हे सगळे व्यायाम तोंडीच केले. मंडळी रानातून आल्या की, "झाले बघ, दोन वेळा झाले," असं खुर्चीतून सांगायचो.

मग त्यांच्या पोटात गाठ निघाली. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं, गर्भपिशवी काढावी लागेल, वेळ घालवू नका. तारीखही दिली. पोरगा फौजेत, लांब. फोनवर म्हणाला, "दादा, एक माणूस ठेवू या तुमच्याजवळ." मी ताडकन म्हणालो, "परक्या माणसानं मला संडासला न्यायचं? त्यापेक्षा मेलेला बरा." मेलो बिलो काही नाही. तारीख तेवढी पुढे गेली.

शेवटी मंडळींनीच अट घातली. "आवं, आठ दिस न पडता एकट्यानं परसाकडं जाऊन आलासा, की मी मिरजला जाती. त्याबिगर माझा जीव तिथं लागायचा न्हाई."

आमचा संडास घरामागे, अंगणाच्या टोकाला. मॅडमकडे फरशीवर रंगीत पट्ट्या होत्या. पट्टी दिसली की ती ओलांडायला माझा पाय आपोआप उठायचा. मातीच्या अंगणात पट्टी चिकटणार कशी? मंडळी रोज सकाळी एका हाताने पोट दाबून वाकायच्या आणि मागच्या दारापासून संडासापर्यंत रांगोळीच्या आडव्या रेघा ओढायच्या. शेजारची बाई विचारायची, "काकू, नुसत्या रेघाच? फुलं काढायची इसरली काय?"

"फुलं आमच्या ह्यास्नी वलांडता येत न्हाईत," मंडळी म्हणायच्या.

आता मात्र मी खरा व्यायाम केला. घाम येईपर्यंत केला. एक दिवस, दोन दिवस, सात दिवस. एकदाही पडलो नाही. सातव्या दिवशी मंडळींनी मिरजेला फोन करून नवी तारीख घेतली, पिशवीत दोन लुगडी भरून ठेवली.

आठव्या दिवशी सकाळी मी निम्म्या अंगणात होतो. कुंपणापलीकडे माझा काट्यावरचा जुना जोडीदार दात घासत, आपल्या जावयाला गोष्ट सांगत होता. उसाच्या मोळ्यांखाली दगड लपवून आणलेल्या गाडीवानाची. "तवा आमचा हेडक्लार्क म्हनला, दगड गाळून बघ, रस निघला तर तुझा!"

हेडक्लार्क म्हणाला? तो तर त्या दिवशी रजेवर होता! ते वाक्य माझं होतं. उभ्या आयुष्यात मला एवढं एकच वाक्य बरं सुचलेलं. मला मुकाट चालता आलं असतं. निदान थांबून, मग बोलता आलं असतं. पण मी चालता चालताच मान वळवली आणि ओरडलो, "खोटं बोलू नको रं! मी म्हनलो हुतो त्ये!"

पाय जागीच राहिले. मी उजव्या हातावर कोसळलो. हाड मोडल्याचा आवाज मला स्वतःला ऐकू आला.

जोडीदार कुंपण ओलांडून यायच्या आधी मंडळी आल्या. मला काखेत धरून उठवताना त्यांनी दात आवळले होते. "कुनी काय इचारलं हुतं तुमाला?" एवढंच म्हणाल्या.

हात सहा आठवडे प्लास्टरमध्ये. मी माणूस ठेवायला आता तयार होतो, मंडळी नव्हत्या. माझ्यासमोरच त्यांनी मिरजेला कळवलं, "आत्ता जमत न्हाई. ह्यांचा हात मोडलाय."

ऑपरेशन झालं ते प्लास्टर निघाल्यावर. पोरगा रजा काढून आला होता. डॉक्टर त्याला म्हणाले, पसरलंय. थोडं आधी आणलं असतं तर... त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. मी शेजारीच बसलो होतो. दुसऱ्याचं वाक्य पुरं करायला मी पहिल्यांदाच गेलो नाही.

घरी आल्यावर एकदा मंडळींजवळ हे बोललो. माझ्यामुळेच झालं, म्हणालो. त्या भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. "आदीच पसरलं आसंल. तुमचा काय संबंद? तुमाला समद्यात मधी यायची सवय हाय."

खरं काय ते डॉक्टरही सांगू शकत नाहीत. मी विचारलं नाही, हेही खरं.

व्यायाम चालू आहेत. मॅडम म्हणतात, तुमच्यासारखी सुधारणा थोड्यांची होते. दर तीन आठवड्यांनी केमोसाठी मिरजेची गाडी दारात येते. गाडीपर्यंत माझा मी चालत जातो, कुणाचा हात न धरता. मंडळींना दोघं धरून आणतात.