सतरा नंबरचा डाव

शनिवार, १८ ऑक्टोबर २००३. सकाळी कुंपणावर दव गोठलेलं. चर्चमध्ये साडेआठची मिसा. दुपारी सामना, ६–२४ हरलो. सोवाने पहिल्या सत्रातच तीन चेंडू समोरच्यांच्या हातात दिले. दुसऱ्या सत्रापासून मुलांनी मनगटाकडे बघणं सोडलं. कोचच्या नावाने ओरडून हार्लनचा घसा बसला. डाव्या डोळ्यात थेंब दोनदा.

रोझेला क्लाइनहान्सच्या अशा बासष्ट वह्या तळघरातल्या कपाटात वर्षवार लावलेल्या होत्या. कॉन्व्हेंटच्या शाळेत सिस्टर अडेलगुंडिस म्हणायच्या, "घडलं ते वहीत लिहा, वाटलं ते देवाला सांगा." रोझेलाबाईंनी सोळाव्या वर्षापासून तो नियम पाळला होता. लग्नाच्या दिवशीच्या पानावर हवामान आहे, पाहुण्यांचा आकडा आहे आणि केक बाजूने थोडा करपल्याची नोंद आहे. नवरा गेला त्या दिवशीच्या पानावर वेळ आहे आणि डॉक्टरांचं नाव आहे.

नवरा, नॉर्बर्ट, सव्वीस वर्षं सेंट ऑल्ड्रिक कॉलेजच्या फुटबॉल संघाचा सहायक कोच होता; फुटबॉल म्हणजे अमेरिकन, चेंडू हाताने फेकायचा तो. विस्कॉन्सिनमधल्या त्या लहान गावात बिशप आले तरी लोक आधी सामन्याची वेळ विचारून घेत. नॉर्बर्ट जाऊन अकरा वर्षं झाली, तरी त्याच्या मागे दोन कामं बाईंकडे राहिली होती. एक, सामन्याची नोंद. संघाच्या बाकाच्या अगदी मागे, तिसऱ्या रांगेत बसून त्या प्रत्येक डाव लिहून काढत. कोणता नंबर ओरडला, चेंडू कुठे गेला, काय झालं.

दुसरं काम कार्डांचं. सीमारेषेवरून कोच "सतरा" ओरडला की मैदानावरची पाच मुलं मनगटावर बांधलेल्या कार्डात सतरा बघतात आणि आपापल्या वाटेने पळतात. समोरच्यांना नंबर पाठ होऊ नयेत म्हणून दर आठवड्याला ते बदलतात. डाव तेच, नंबर नवे. गुरुवारी नवी यादी बाईंच्या घरी यायची, बरोबर वापरलेली कार्डंही परत यायची. त्या ती बारीक अक्षरात टाइप करायच्या, शिवणाच्या कात्रीने पाच कार्डं कापायच्या, वरून पारदर्शक कागद चिकटवायच्या आणि मागच्या आठवड्याची पाच कार्डं चुलीत जाळून टाकायच्या. जाळायची शिस्त नॉर्बर्टची. गावात सगळे त्यांना मिसेस के म्हणत, आणि कॉलेजात नुसतं "मिसेस केंची कार्डं आली का?" असं विचारलं तरी सगळ्यांना कळायचं.

त्या शरदात संघ लागोपाठ चार सामने हरला आणि गावाचे दोन तट पडले. एकांचं म्हणणं, कोच डेल स्ट्रुबेला डाव आखता येत नाहीत. दुसऱ्यांचं म्हणणं, डाव ठीक आहेत, क्वार्टरबॅकच कामाचा नाही. हा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा, जॅरेट सोवा, चाळीस मैलांवरच्या गोठ्यावरून आलेला वीस वर्षांचा मुलगा. प्रत्येक चेंडू त्याच्याच हातून सुटायचा, त्यामुळे प्रत्येक शिवीही त्याच्याच पत्त्यावर जायची.

सोमवारी संध्याकाळी लॉडीच्या खानावळीत कोचचा रेडिओवरचा कार्यक्रम असे. मधल्या टेबलावर माइक, एका बाजूला डेल, दुसऱ्या बाजूला जॅरेट, आणि भोवती बिअरचे ग्लास घेऊन अख्खं गाव. हार्लन न्हाव्याने सुरुवात केली.

"डेल, माझ्या खुर्चीत तू मान न हलवता बसतोस ते बरं आहे रे. पण मैदानावरही तसंच बसायचं?"

लोक हसले. डेल म्हणाला, "हरलो ते माझ्यामुळे. तयारीत मी कमी पडलो."

"आणि तू रे?" हार्लन जॅरेटकडे वळला.

"मी नीट खेळायला हवं होतं, सर."

"बघा! दर सोमवारी हेच. दोघंही म्हणतात माझं चुकलं, आणि शनिवारी दोघं मिळून परत तेच करतात." हार्लनने मान वळवली. "मिसेस के, तुम्ही सांगा हो. तुमची वही काही कुणाची मिंधी नाही."

रोझेलाबाईंना हे आवडलं. पुढे त्यांनी त्या सोमवारचा विचार कितीतरी वेळा केला, आणि दर वेळी इथेच येऊन थांबल्या, की त्यांना ते आवडलं होतं. त्यांनी पर्स उघडली, चष्मा लावला, वही काढली. लॉडीने नळसुद्धा बंद केला.

"पहिल्या सत्रात नऊ वेळा चेंडू फेकला," त्या वाचू लागल्या. "त्यातले सहा जिथे फेकले, तिथे आपला एकही मुलगा नव्हता. डाव काही वाईट नव्हते. डेल, तुझ्यात खोट नाही. फेकणाऱ्यालाच समोरचं दिसत नाही." इथे थांबता आलं असतं. पण सगळे ऐकत होते. "मला या एका धड डोळ्याने दिसतं तेवढं या पोराला दोन्ही डोळ्यांनी दिसत नाही."

हशा असा उसळला की माइकवाल्याने कानावरचा हेडफोन बाजूला केला. जॅरेटचे कान लाल झाले. त्याने एकदा बाईंकडे बघितलं आणि मान खाली घालून डावं मनगट चोळत राहिला. डेल काहीतरी बोलायला माइककडे वाकला. जॅरेटने टेबलाखाली त्याला गुडघ्याने ढोसलं, आणि डेल परत मागे टेकला. बाईंनी ते बघितलं. त्यांना वाटलं, पोरगं जागा करून घेतंय.

मंगळवारी दुपारपर्यंत "एका डोळ्याची" गोष्ट गावभर झाली. पोस्टात ऐकली, हार्लनच्या दुकानात ऐकली. बुधवारी पेपरात आलं की शनिवारी सोवा बाकावर बसणार, दुसरा मुलगा खेळणार.

गुरुवारी नवी यादी आली, शनिवारची कार्डं मात्र या वेळी परत आली नाहीत. टाइप करण्याआधी जुनी कार्डं जाळावीत म्हणून बाईंनी बिस्किटांचा डबा उघडला. त्यात मागच्या गुरुवारी बाजूला ठेवलेली पाच कार्डं होती. चर्चच्या विक्रीसाठी केक भाजायचे होते, त्या गडबडीत जाळायची राहून गेली होती. चुलीचं झाकण उचलून त्या एकेक टाकू लागल्या. पहिली तीन टाकली. चौथं टाकताना सवयीने वाचलं, तर नंबर जुने नव्हते, मागच्या गुरुवारी टाइप केलेले होते.

त्या कार्डावर पारदर्शक कागद कोरा करकरीत होता. घामाचा डाग नाही, गवताचा हिरवा ओरखडा नाही. हे कार्ड कुणी मनगटाला बांधलंच नव्हतं. पाचवंही तसंच.

झाकण तसंच उघडं ठेवून बाई खुर्चीवर बसल्या. मागच्या गुरुवारी टेबलावर दोन ढीग होते, पाच जुनी आणि पाच नवी. तेवढ्यात केक भाजायच्या भट्टीची घंटा वाजली. त्या केक काढायला उठल्या, परत आल्या, पाच मोजून पाकिटात घातली, उरलेली पाच डब्यात. मोजली बरोबर होती. वाचली नव्हती. तीन नवी आणि दोन जुनी, अशी पाच कार्डं कॉलेजात गेली होती.

त्यांनी शनिवारची वही शेजारी ठेवली. सतरा: सोवाने दहा पावलांवर डावीकडे फेकला, कुणी नाही, समोरच्याने पकडला. नव्या कार्डात सतरा म्हणजे डावीकडच्या मुलाने दहा पावलं पळून मागे वळायचं. जुन्या यादीत सतरा म्हणजे त्याने सरळ शेवटापर्यंत पळत सुटायचं. मग एकतीस. मग आठ. सहाच्या सहा नोंदी त्यांनी बोट ठेवून ताडून बघितल्या. मुलाने फेकलेला प्रत्येक चेंडू जिथे पडायला हवा तिथेच पडला होता. पळणारी दोन मुलंही त्यांच्या कार्डात होतं तिथेच पळाली होती. आणि खाली त्यांच्याच सुबक अक्षरात लिहिलेलं होतं, "दुसऱ्या सत्रापासून मुलांनी मनगटाकडे बघणं सोडलं." म्हणजे मुलांना तेव्हाच कळलं होतं. बाईंनी ते लिहिलं, पण का सोडलं हे स्वतःला विचारलं नाही.

चेहरा इतका तापला की त्यांनी उठून नळाखाली ओंजळ धरली. घरात कुणी नव्हतं, तरी खिडकीचा पडदा ओढून घेतला.

दोन्ही कार्डं पर्समध्ये घालून त्या चालत कॉलेजात गेल्या. डेल एकटाच होता. त्याला त्या त्याच्या अठराव्या वर्षापासून ओळखत होत्या; नॉर्बर्टच्या हाताखालीच तो खेळला होता.

"बसा ना, मिसेस के."

त्या बसल्या नाहीत. कार्डं टेबलावर ठेवली. डेलने ती बघितली, उचलली मात्र नाहीत.

"तुला माहीत होतं," त्या म्हणाल्या.

"पहिल्या सत्रानंतर. जॅरेटच्या लक्षात आलं. मग आम्ही हाताच्या खुणांवर गेलो."

"आणि सोमवारी? सगळ्यांसमोर मी तोंड सोडलं, तेव्हा का नाही बोललास?"

"बोलणार होतो. त्यानेच थांबवलं." डेलने मान खाजवली. "शनिवारी गाडीतच म्हणाला, सर, मिसेस केंना कळू देऊ नका, त्या हे काम सोडतील. आणि शुक्रवारी पाची कार्डं ताडून बघणं माझंच काम होतं, असंही म्हणाला."

"त्याचं काम होतं?"

"नाही हो. माझं."

भिंतीवर नॉर्बर्टच्या संघाचा जुना फोटो होता. बाईंनी तिकडे बघायचं टाळलं.

"आणि तरी तू त्याला बसवलंस."

डेलने पेनचं टोपण उघडलं, मिटलं. "वरच्या लोकांचे फोन आले. मिसेस के स्वतः म्हणाल्या, वहीत आहे, असं म्हणत होते. मी काय सांगणार? की माझ्या संघाची कार्डं अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई स्वयंपाकघरात कापते आणि मी ती न बघता मुलांच्या हाताला बांधतो? मग मीच घरी गेलो असतो." मग तो हळू आवाजात म्हणाला, "तुम्ही बोललात ते मला सोयीचं झालं. खरं सांगायचं तर तेच आहे."

बाईंना त्याचा राग यायला हवा होता. पण राग यायला मन आतून मोकळं लागतं, आणि त्यांच्या आत त्या घडीला दुसऱ्या कशाला जागाच नव्हती. मैदानावरच्या दोघांनी दोष एकमेकांपासून ओढून आपल्याकडे घेतला होता. बोट दाखवलं ते फक्त त्यांनी, तिसऱ्या रांगेतून, चष्मा लावून.

"उद्या लॉडीकडे मी सांगणार आहे," त्या म्हणाल्या. "तुझं काय व्हायचं ते होवो, डेल. तुझ्या सोयीसाठी मी त्याला असं लाजेत ठेवू शकत नाही."

डेल दारापर्यंत सोडायला आला, आणि त्यांचा कोट धरला.

शुक्रवारी लॉडीकडे तळलेली मासळी असते, आणि सबंध गाव असतं. सोमवारचीच टेबलं, सोमवारचेच चेहरे. बाई गेल्या गेल्या हार्लनने खुर्ची ओढून दिली. "या या! आज कुणाचा डोळा काढताय?"

त्या उभ्याच राहिल्या. खुर्चीची पाठ धरली. "मला दोन मिनिटं हवीत," त्या म्हणाल्या. मग त्यांनी सांगितलं. दोन ढीग, भट्टीची घंटा, तीन नवी, दोन जुनी. सहा चेंडू, आणि ते सहाही बरोबर जागी. वही उघडली नाही. सगळं पाठ होतं. शेवटी म्हणाल्या, "सोमवारी मी ज्याला आंधळा म्हटलं, त्याला माझी चूक दिसत होती, आणि तो गप्प बसला. आंधळी मी होते. हे मी त्याच्याबद्दल जितक्या मोठ्याने बोलले, तितक्याच मोठ्याने सांगायला आले."

कुणी हसलं नाही. बशीवर काटा ठेवल्याचा आवाज झाला. मग मागच्या टेबलावरून कुणीतरी म्हणालं, "म्हणजे डेल आता म्हाताऱ्या बायकांकडून डाव करून घेतो होय?" आणि थोडं हसू पसरलं. हार्लनने तिकडे बघून म्हटलं, "गप रे." त्याने हात पुढे करून बाईंना बसवलं आणि मासळीची बशी त्यांच्यापुढे सरकवली. पण त्यांच्याकडे बघत मात्र नव्हता. चेष्टाही केली नाही. अकरा वर्षांत पहिल्यांदा हार्लनने त्यांची चेष्टा केली नाही, आणि तेच त्यांना सगळ्यात झोंबलं.

शनिवारी जॅरेट खेळला. कार्डं कॉलेजातच कापली होती. बाई तिसऱ्या रांगेत वहीशिवाय बसल्या. हातांचं काय करावं ते कळेना, म्हणून हातमोजे घालून ठेवले. जॅरेटने दोन चेंडू सुंदर टाकले आणि शेवटचा खरोखरच वाईट टाकला, त्यात कुणाच्या कार्डाची चूक नव्हती. दहा–तेरा हरले. लोक परत भांडू लागले, कोच की पोरगा. बाई त्यात पडल्या नाहीत.

बाहेर पडताना कुंपणापाशी जॅरेट भेटला, हेल्मेट काखेत, गालावर मातीचा पट्टा.

"जॅरेट," त्या म्हणाल्या, "मी तुझी—"

"कळलं, मॅम. लॉडीने सांगितलं." तो पायांकडे बघत होता. माफ केलं असं तो म्हणाला नाही, आणि त्यांनाही ते मागवेना. "शेवटचा मात्र माझाच होता," तो म्हणाला. "तो लिहून ठेवा."

"आज वही आणली नाही."

"बरं," तो म्हणाला आणि बसकडे गेला.

घरी येऊन त्यांनी दिवा लावला, पेन उघडलं.

शनिवार, २५ ऑक्टोबर २००३. ढगाळ, वारा नाही. साडेआठची मिसा. सामना १०–१३ हरलो. सोवा पूर्ण वेळ खेळला. शेवटचा चेंडू त्याचा. पुढच्या गुरुवारपासून यादी घरी येणार नाही. भट्टीची घंटा नीट वाजत नाही, लॉडीच्या भावाला दाखवणे.