हिराबायच्या धवल्यासाठी कॅमेरा

कराडहून निघालेली एसटी पनवेल सोडून मुंबईच्या रस्त्याला लागली तेव्हा नुकतं उजाडलं होतं. उजवीकडे डोंगर, डावीकडे खाडीचा राखाडी चिखल आणि मधूनमधून एकाच साच्यातून काढल्यासारख्या इमारती. दिवाळी नुकतीच झाली होती, कित्येक गॅलऱ्यांत अजून आकाशकंदील लटकत होते. वाशीला उतरले तेव्हा माझ्याकडे एक पिशवी कपड्यांची होती आणि एक वायरींची. कॅमेरा नव्हता. तोच निवडायला मी आले होते.

कराडच्या स्टुडिओतली नोकरी सोडून मी स्वतंत्र शूटिंग करायचं ठरवलं होतं आणि हे पहिलंच काम होतं. घणसोलीजवळच्या तळवली गावात हिराबाय नावाच्या धवलारीण आहेत. धवलारीण म्हणजे आगरी लग्नात धवले (विधीची गाणी) म्हणणारी बाई. तिच्याशिवाय तिथे हळद लागत नाही. आदल्या वर्षी एका लग्नाच्या शूटिंगला आले असताना मी त्यांना ऐकलं होतं. आता त्यांच्या घशाला गाठ आली होती. ठाण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की ऑपरेशन करावंच लागेल, पण नंतर आवाज राहीलच असं नाही. त्यांच्या मुलीचा, सुनंदाचा निरोप आला, ‘आईचे धवले भरून ठेवायचेत. ऑपरेशनच्या आधी या.’

मुक्काम कोपरखैरण्याला, मामेभाऊ दिलीपदादाकडे. तो वाशीच्या बाजारात माथाडी आहे. एका खोलीच्या घरात वहिनींनी घेवड्याची उसळ, बाजरीची भाकरी आणि सातारी ठेचा असं सगळं मांडून ठेवलं होतं. जेवताना दादा म्हणाला, “शैले, कॅमेरा मिळाला नाही तर?”

“मिळेल.”

“मिळाला आणि बिघडला तर?”

“दादा, गप जेव.”

वहिनी हसल्या. मला हसू आलं नाही, कारण रात्रभर एसटीत मीही तेच घोकत होते.

दुपारी आम्ही नेरूळला गेलो. तिथे बाबूशेट नावाचे गृहस्थ शूटिंगचं सामान भाड्याने देत. दुकान लहान, पण कॅमेरे तीन आणि भिंतीवर लेन्सांची फळी. त्यांनी सर्वांत मोठा, खांद्यावरचा कॅमेरा पुढे केला.

“हाच न्या ताई. हा खांद्यावर बघितला की लोक आपोआप रस्ता सोडतात.”

मला तो आवडला, हे कबूल करते. स्टुडिओत असा कॅमेरा फक्त मालक उचलायचे. काचेचा तो जाडजूड डोळा, हाताने फिरवायची झूमची कडी. खांद्यावर घेतला आणि मी उगाच ताठ उभी राहिले. तरी म्हटलं, आधी बाहेर चालवून बघते.

“बिनधास्त. मागेच सारसोळे आहे, खाडीवर जाऊन या.”

सारसोळे म्हणजे नेरूळच्या इमारतींआड उरलेला कोळीवाडा. पाच मिनिटांत सिमेंट संपलं आणि सुक्या जवळ्याचा वास सुरू झाला. ओहोटी होती. होड्या चिखलात कलंडल्या होत्या, आणि एक बाई पाटीतले निवटे (खाडीच्या चिखलातले मासे) निवडत बसली होती. मी होड्या घेतल्या, जाळी घेतली, तिचे हात घेतले. तिने मान वर केली.

“टीवीवर येनार काय मी?”

“नाही हो मावशी, कॅमेरा तपासतेय.”

“मंग हात कशाला घेतंस? तोंड घे. तोंड बरा हाय माजा.”

मी तोंडही घेतलं. कॅमेऱ्याला डोळा लावून बघायच्या छिद्रातून चित्र काळंपांढरं आणि बोटभर दिसतं; त्यात सगळं झकास वाटत होतं. दुकानात परतून कॅसेट रंगीत मॉनिटरवर लावली. जाळी ठीक, होड्या ठीक. मग चित्रात उजळ आभाळ आलं आणि त्याच्या उजव्या अंगाला दूध सांडल्यासारखा पांढुरका डाग पसरला. मावशीचं तोंडही त्या बाजूला पुसट झालं होतं.

बाबूशेटनी मॉनिटर झटकला, वायर बदलली. डाग गेला नाही. मग त्यांनी बॅटरीचा झोत लेन्सच्या आत टाकला. काचेमागे कोळिष्टकासारख्या बारीक तारा पसरल्या होत्या.

“बुरशी,” ते म्हणाले. मग जरा वेळाने, “खाडीची हवा, ताई. मांडवात समोरून हॅलोजनचे दिवे मारतो आम्ही, कोणाच्या लक्षातच आलं नाही. सॉरी बोलतो.”

तळवलीला जाऊन हे कळलं असतं तर? त्यांनी दुसरा कॅमेरा काढला, हाय-एटचा, म्हणजे छोट्या कॅसेटचा, दोन्ही तळव्यांत मावेल एवढा. खांद्यावरच्यापुढे तो खेळण्यासारखा वाटत होता. पण मॉनिटरला जोडला आणि रस्त्यापलीकडे दोरीवर वाळणारा टॉवेल दिसला, त्याचा धागान् धागा वेगळा. लहान खोलीत सगळ्या बाया मावाव्यात म्हणून लेन्सपुढे बसवायची रुंद काच घेतली. आवाजासाठी वेगळा माइक घेतला, कारण कॅमेऱ्यातल्या माइकमध्ये मोटरची घरघर येत होती.

“एक सांगून ठेवतो,” बाबूशेट म्हणाले. “उजेड कमी झाला की यात मुंग्या येतात चित्रात. संध्याकाळच्या आत उरका.”

“सकाळी दहाला सुरू करणार आहोत,” मी म्हटलं. “आणि हा छोटा मॉनिटरही द्या. आता मी मॉनिटरवर बघितल्याशिवाय कशावर विश्वास ठेवणार नाही.”

दादाने तो मॉनिटर पोत्यासारखा खांद्यावर टाकला. बाबूशेटनी डोळे मिटून घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं रिक्षाने तळवलीला पोचलो. ठाणे-बेलापूर रस्त्यावर कारखान्यांचे ट्रक, आणि आत वळलं की केळीची चार झाडं, विहीर, नव्याने बांधलेली दुमजली घरं. सुनंदाने दारातच पाणी दिलं. तिचा चेहरा उतरला होता.

“आई नाय म्हणते,” ती हळूच म्हणाली.

हिराबाय ओटीवर बसल्या होत्या. गळ्याशी पदर घट्ट ओढलेला.

“बस गो बाय,” त्या म्हणाल्या. आवाज जरा जड होता, पण होता. “तू लांबशी आयलीस. पन घरान् नवरी नाय, नवरा नाय. कोनाचा लगीन लावू? उगाच धवला बोलला तं देवाला काय सांगू?”

सुनंदा म्हणाली, “आई, ऑपरेशन झाल्यावर नाय बोलता आलं तर?”

“तं नाय बोलनार.”

दादाने मॉनिटर ओटीवर ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. मी कॅमेरा पिशवीतून काढलाच नाही. जबरदस्ती करायची नव्हती. पण रिकाम्या हाताने कराडला जायचंही नव्हतं.

सुनंदाने तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं वाढलं. जेवण होईपर्यंत हिराबाय अंगणाकडे बघत होत्या. तिथे तुळशीवृंदावनाला शेजारच्या सुना गेरू लावत होत्या.

“आज लावतव का तुलशीचा लगीन?” त्यांनी तिथूनच विचारलं.

“हा, सांजचे,” एक सून म्हणाली.

हिराबाय माझ्याकडे वळल्या. “मंग नवरी हाय की. सांजचे बोलन मी.”

मला आनंद झाला आणि त्याच क्षणी बाबूशेटचे शब्द आठवले. संध्याकाळच्या आत उरका. पण लग्न दुपारी लावा असं तुळशीला कोण सांगणार?

मग आमची धावपळ सुरू झाली. सुनंदाने घरातले मोठे दिवे गोळा केले, दादाने उसाच्या मांडवाला वायर बांधून ते टांगले. मी मॉनिटर लावला. पहिल्या चित्रात हळद हिरवट दिसली. कॅमेऱ्यासमोर पांढरा रुमाल धरून रंग जुळवले, तेव्हा कुठे हळद हळदीसारखी झाली. रुंद काचेत वृंदावन, ऊस, बाया सगळं आलं. मुंग्या होत्या, पण थोड्या.

दिवस मावळताना हिराबायनी तांदळाच्या पिठाचा चौक भरला, डोळे मिटले आणि सुरुवात केली. कानातल्या हेडफोनमध्ये तो जड आवाज आधी अडखळला, मग मोकळा झाला. बाया मागून म्हणू लागल्या. देवांना आवतण, मग नवरीला हळद.

अंतरपाट धरायच्या आधी वीज गेली.

मॉनिटर काळा झाला. कॅमेरा बॅटरीवर चालू होता, पण छिद्रात नुसता अंधार. हिराबाय थांबल्या नाहीत. त्यांना दिव्यांशी काही देणंघेणं नव्हतं. सुनंदाने शेजारची गॅसबत्ती आणली, दादाने ती हातात उंच धरली. मी रुंद काच काढून टाकली, जवळ सरकले आणि फक्त हिराबायचा चेहरा धरला. रंग कसे येताहेत, येताहेत की नाही, कळायला मार्ग नव्हता. दादाचा हात भरून आला असणार, पण बत्ती हलली नाही. शेवटच्या धवल्यापर्यंत मी तसंच धरून ठेवलं.

वीज आली तेव्हा बाया चुरमुरे वाटत होत्या. मी कॅसेट मागे घेतली. सगळ्या मॉनिटरभोवती जमल्या. वीज गेल्यावरचं चित्र काळोखातून हळूहळू वर आलं. गॅसबत्तीत हिराबायचा चेहरा, मिटलेले डोळे, गळ्यावर हलणारी ती गाठ. मुंग्या होत्या. आवाज मात्र स्वच्छ होता, शब्द न् शब्द. मी तिथेच अंगणात बसून घेतलं. सुनंदा माझ्या शेजारी बसली आणि बराच वेळ माझा हात धरून राहिली.

परत जायचं होतं, पण पाय निघेना. ऑपरेशन होईपर्यंत कोपरखैरण्यालाच राहिले. ते झाल्याच्या दुसऱ्या दिवशी ठाण्याच्या हॉस्पिटलात गेले. हिराबाय खाटेवर बसल्या होत्या, गळ्याला पट्टी. सुनंदा हसत होती, त्यावरून निम्मं कळलं. त्यांनी मला बोटाने जवळ बोलावलं.

“कॅसेटान् सगला चांगला आयलाय ना?” घोगरा, फाटका, पण त्यांचाच आवाज.

“हो. सगळं आलंय.”

“हळदीचा एक कडवा चुकलाय. मना तवाच कललेला.” त्यांनी घोट गिळला. “बरी झाली का परत बोलन. कॅमेरा घेऊन ये.”

सुनंदाने त्यांना गप्प बसायला सांगितलं. डॉक्टरांनी बोलायची मनाई केली होती.

कराडची एसटी पनवेल सोडून घाटाकडे निघाली तेव्हा मी खिडकीला डोकं टेकलं. एकही गोष्ट निसटू नये म्हणून मी काचा, रंग, वायरी पारखत हिंडले होते, कारण हे शेवटचंच असं सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. आता मांडीवरच्या पिशवीत एक चुकलेल्या कडव्याची कॅसेट होती, आणि ते चुकलेलंच राहिलं तरी चालणार होतं; हिराबाय पुन्हा म्हणणार होत्या. खंडाळ्याच्या चढणीवर मला झोप लागली ती थेट कराडच्या स्टँडवर कंडक्टरने हाक मारली तेव्हाच मोडली.